ज. रा. भाटकर, मांडवी, रत्नागिरी

रत्नागिरीला जायचं जायचं म्हणत मी अकरा वर्षं काढली. शेवटी पोचले तेव्हा समुद्र, आंबा, माणसं यांपैकी कशाचीही चौकशी न करता मी पहिलं विचारलं ते एवढंच, की बसायला खुर्ची आहे का. पुण्याहून एसटीने घाट उतरून येण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी केला नाही त्यांनी सुखात राहावं.

मी कशाला गेले ते आधी सांगते, कारण नुसती समुद्र बघायला जाण्याचं माझं वय आणि गुडघे दोन्ही राहिले नाहीत. लहानपणी ज्यांनी रघुकाकांची पुस्तकं वाचली त्यांना कुर्लेबुवा माहीत असणारच. इतरांसाठी सांगते. कुर्लेबुवा म्हणजे वाळूवाडी नावाच्या किनाऱ्यावर राहणारे एक वयस्कर खेकडे. डाव्या नांगीत छत्री, स्वभाव तिरसट, आणि कुणाचंही भांडण मिटवायला बोलावलं की ‘सरळ चालून कोण कुठे पोचलंय?’ असं म्हणून तिरपे चालू लागणार. रघुकाका जाऊन बरीच वर्षं झाली, पुस्तकंही आता दुकानात मिळत नाहीत. पण ती वाचून मोठी झालेली आणि आता केस पिकलेली मंडळी ठिकठिकाणी आहेत. त्यांचं एक स्नेहमंडळ आहे, आणि त्या मंडळाचं ‘तिरपी चाल’ नावाचं त्रैमासिक मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून काढते.

काढते म्हणजे लेख मागते, आले नाहीत तर स्वतः लिहिते, मुद्रितं तपासते, छापून आलं की चुका बघून कपाळाला हात लावते, वेष्टनांवर पत्ते घालते आणि पोस्टात नेऊन टाकते. पूर्वी पत्ते आमचे हे घालत असत. तीन वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून पत्तेही मीच घालते, आणि दर अंकाला काही वेष्टनं ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत येतात. कुठे गेले, ते पोस्टमन लिहीत नाही आणि मी विचारत नाही.

आता गुन्हा सांगते. पहिल्या वर्षी आमच्याकडे वाचकांची पत्रंच येत नसत. हे म्हणाले, “पत्राशिवायचा अंक म्हणजे पानं वाढून ठेवली आणि पंगतीला कुणी आलंच नाही. एक वाचक आपणच करू.” म्हणून एका संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ज. रा. भाटकर नावाचा एक माणूस केला. तो भांडखोर असावा असं माझं मत पडलं, आणि भांडखोर म्हणून तो रत्नागिरीचा असावा असं ह्यांचं. दोघांपैकी कुणीही रत्नागिरी पाहिली नव्हती. नकाशात मांडवी हे नाव सापडलं, ते पत्ता म्हणून दिलं. पत्र मी लिहिलं. त्यात ह्यांनी हौसेने एक वाक्य घातलं, ‘मी रोज पहाटे मांडवीच्या किनाऱ्यावर उभा राहून समुद्रातून उगवणारा सूर्य पाहतो, आणि मला खात्री आहे की रघुकाकांची वाळूवाडी ती हीच.’ मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, भूगोल शिकवला नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांचं नशीब.

अंक गेला. पुढल्या महिन्यात रत्नागिरीचा शिक्का असलेलं एक आंतर्देशीय पत्र आलं. ते मला अजून पाठ आहे.

‘संपादकबाई, स. न. वि. वि. गेल्या अंकातील माझ्या पत्रात मुद्रणदोषामुळे सूर्य समुद्रातून उगवला आहे. आमच्याकडे तो तिथे मावळतो. उगवण्याची सोय डोंगराच्या बाजूला आहे. कृपया दुरुस्ती छापावी. आपला, ज. रा. भाटकर.’

मी घाबरले. हे मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आपण केलेला माणूस आपल्यालाच पत्र लिहितो म्हणजे काय! खाली पत्ता नव्हता, तेव्हा उत्तर पाठवायचं कुठे? आम्ही दुरुस्ती छापली. मग दर अंकानंतर भाटकरांचं पत्र येत राहिलं. ‘पान सोळावरील चित्रात कुर्लेबुवांना आठाऐवजी सहाच पाय आहेत. उरलेले दोन चित्रकाराने खाल्ले काय?’ असं काहीतरी. हे गेले त्यानंतरचा अंक मी कसा काढला ते माझं मला आठवत नाही. त्यात एक पान दोनदा छापलं गेलं होतं आणि रघुकाकांचं नावसुद्धा चुकलं होतं. भाटकरांचं पत्र आलं, ‘या अंकात एकही चूक आढळली नाही.’ ते पत्र मी छापलं नाही, कपाटात ठेवलं.

आणि गेलं वर्षभर भाटकर गप्प झाले. एक अंक गेला, दुसरा गेला, चार गेले, पत्र नाही. पुन्हा आपणच लिहावं म्हणून मी एकदा बसले, पण पहिल्या ओळीपुढे हात चालेना. मला फार थकवा आला. मग एक दिवस शाईच्या पेनाने स्वच्छ अक्षरात मी अंक बंद करत असल्याचं निवेदन लिहून काढलं, त्यात भाटकरांबद्दलची कबुलीही दिली. रत्नागिरीला आमच्या मंडळाची एक शाखा आहे, ती दरवर्षी मला बोलावते आणि मी दरवर्षी सबब सांगते. या वेळी होकार कळवला. ठरवलं असं, की दोन दिवस भाटकरांना शोधायचं, रविवारी बैठकीत निवेदन वाचून दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. कागद चुरगळू नये म्हणून नव्या अंकाच्या बरोबर मधल्या पानात, टाचणीच्या जागी, घडी करून ठेवला. मध्यावर अंक कोण उघडतो?

मांडवी, शुक्रवार

रत्नागिरी शाखा म्हणजे नलूताई. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, सदा घाईत. त्यांचं घर मांडवीच्या एका गल्लीत, चिऱ्याचं, पुढे पडवी. त्यांनी गूळ-पाणी आणलं, मी खुर्ची विचारली, आणि उत्तराची वाट न बघता पडवीतल्या एका वेताच्या आरामखुर्चीत बसून डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर एक उंच गृहस्थ काठी टेकून उभे होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होते.

“हे आमचे अप्पा,” नलूताई म्हणाल्या. “बसा हो तुम्ही, उठू नका. त्यांना मी दुसरी आणत्ये.”

अप्पा म्हणजे नलूताईंचे यजमान. ती त्यांची खुर्ची होती, आणि त्या घरात त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नाही, हे मला संध्याकाळी कळलं. अप्पांना वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात निकामी झाला होता, तोंडही जरा वाकडं झालं होतं. बोलत ते पुष्कळ, पण मला त्यातलं अक्षर कळत नसे. नलूताई मध्ये बसून सांगत, तेही सगळं सांगत नसाव्यात. जेवताना अप्पा माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलले, तर ह्या म्हणाल्या, “भात वाढू का विचारतायत.” एवढं लांब वाक्य भातासाठी?

जेवण मात्र माझ्या थकल्या जिवाला सोसेल असं होतं. फणसाच्या कोवळ्या कुवरीची भाजी, मऊ भात, आमसुलाचं सार. आमच्याकडे पाहुण्याला तिखट-तर्रीचं काहीतरी करून घाम फोडल्याशिवाय पाहुणचार झाला असं वाटत नाही. इथे पानात सगळं शांत होतं आणि तिखट काय ते माणसांच्या बोलण्यात.

दुपार कलल्यावर मी एकटीच किनाऱ्यावर गेले. नलूताईंना सांगितलं, पाय मोकळे करून येते. खरं कारण सांगायची लाज वाटली. भाटकरांची चौकशी केली असती तर ते मी कसे केले तेही सांगावं लागलं असतं. नाक्यावर एक किराणा मालाचं दुकान होतं. दुकानदाराला विचारलं, इथे कुणी ज. रा. भाटकर राहतात का?

“ज. रा. म्हणजे?” तो म्हणाला. “जयराम असेल तर तो वारला. जगन्नाथ मुंबईला मुलाकडे. जनार्दन आहे, पण त्याला लिहिता-वाचता नाय येत. कसा आहे माणूस?”

“भांडखोर,” मी म्हटलं. “फार चुका काढतात.”

“मग बाई, आडनाव कशाला शोधताय? कुठल्याही घरात शिरा.”

मांडवीची वाळू काळी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धक्क्याच्या कडेला बसले. समोर सूर्य खाली खाली येत होता आणि जिथे ह्यांनी त्याला उगवायला लावलं होतं बरोबर तिथेच मावळला. मला ह्यांची इतकी आठवण झाली की शेजारी बसलेल्या भेळ खाणाऱ्या बाईने न विचारताच मला पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायले आणि परत आले. अप्पा त्यांच्या खुर्चीत बसले होते. मला बघताच उठायला लागले. मी नको नको म्हणत होते, पण ते उठलेच.

मिरकरवाडा, शनिवार

दुसऱ्या दिवशी सकाळी बावा मयेकर मला न्यायला आले. बावा मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात देखरेखीचं काम करतात आणि शाखेचे सगळ्यांत उत्साही सभासद आहेत. अख्खा रघुकाका त्यांना तोंडपाठ. बंदरात गेल्या गेल्या त्यांनी मला लिलाव दाखवायला घेतला आणि दहा पावलांत मी मासळीच्या पाण्यावरून घसरले. पडले नाही, पण डावी चप्पल निसटली आणि ट्रॉलरच्या कडेने पाण्यात गेली. वरून एक खलाशी ओरडला, “बाय, दुसरी पण टाका, म्हणजे कुणाला तरी जोड मिळंल.”

मी टाकली नाही. एक पाय अनवाणी ठेवून बावांच्या मागून चालत राहिले. ओरडणाऱ्या बायका, टोपल्या, बर्फाच्या लाद्या ओढणारी माणसं, आणि एका कोपऱ्यात जाळं पसरून शिवत बसलेले दोन म्हातारे. बावांनी एका टोपलीतून जिवंत कुर्ली उचलली, पाठीवर बोटं धरून माझ्यासमोर नाचवली.

“हे बघा. आठ पाय नि दोन नांग्या. तुमच्या चित्रकाराला सांगा. भाटकरांनी लिवलं होतं, आठवतं?”

मला संधी मिळाली. मी विचारलं, “बावा, हे भाटकर कोण? तुम्ही ओळखता?”

बावांनी कुर्ली टोपलीत टाकली आणि हात पँटला पुसले. “भाटकर होय? आहेत की.”

“कुठे?”

“मांडवीला. तुम्हीच छापता ना पत्ता?”

“मी काल विचारलं तिथे. कुणाला माहीत नाही. आणि गेलं वर्षभर त्यांचं पत्र नाही. बरे आहेत ना?”

बावांनी टोपली पायाने बाजूला सरकवली. मग म्हणाले, “वायच आजारी होते. आता बरं हाय म्हणतात,” आणि लगेच मला बर्फाचा कारखाना दाखवायला घेऊन गेले. तिथल्या गारठ्यात माझ्या अनवाणी पायाला काही कळेनासं झालं, पण मनाला मात्र बरं वाटलं. माणूस होता. खराखुरा होता, आजारी होता. आता त्याला शोधून काढायचं, आभार मानायचे आणि मगच दुकान बंद करायचं.

दुपारी बावांच्या घरी जेवण. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांच्या बायकोला माझी खरोखर कीव आली. तिने माझ्यासाठी आंबोळ्या आणि ओल्या काजूची उसळ केली होती, आणि मी खाताना समोर बसून एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं “जाईल ना हो?” असं विचारत होती. जेवण झाल्यावर मी पिशवीतून नवा अंक काढला, बावांना बघायला द्यावा म्हणून. तर ते दोन पावलं मागे सरले.

“नको, नको! ठेवा आत. रविवारच्या आधी अंक फोडायचा नाय. एकट्याने वाचायचा नाय. आमचा नियम आहे तो.”

“वर्गणी एकट्या नलूताईंची येते,” मी म्हटलं. “मला वाटायचं, इथे वाचणारे त्या आणि भाटकर, दोघंच असतील.”

“अंक एकच पुरतो,” बावा म्हणाले. “दहा आले तर दहा जण दहा घरी वाचतील. मग भांडायचं कुणाशी?”

परत येताना त्यांनी मला बाजारातून रबरी चपला घेऊन दिल्या. निळ्या, एक नंबर मोठ्या.

आरे-वारे, रविवार

रविवारी दुपारी दोन रिक्षा करून आम्ही आरे-वारेला गेलो. वाटेवर कातळ, त्यावर वाळून पिवळं झालेलं गवत, दगडी गडग्यांच्या आड मोहरलेली आंब्याची कलमं, आणि एका वळणावर एकदम खाली दोन किनारे. नलूताई म्हणाल्या, “हीच वाळूवाडी. कुर्लेबुवांचं बीळ त्या खडकाखाली.” मला ठाऊक होतं की रघुकाका जन्मभर देशावर रेल्वेत कारकून होते आणि समुद्र त्यांनी एकदाच, तोही मुंबईचा, पाहिला होता. पण इतक्या थकव्यात कुणाचा समुद्र हिरावून घ्यायची मला इच्छा नव्हती.

सुरूच्या झाडांखाली सतरंजी अंथरली. दातांचे एक डॉक्टर, शाळेत शिकवणाऱ्या दोन बहिणी, जिल्हा परिषदेतले एक हेडक्लार्क, बावा, नलूताई, आणखी चार-पाच जण. अप्पांची वेताची खुर्ची दुसऱ्या रिक्षाच्या मागे बांधून आणली होती. ती वाळूत टेकली आणि अप्पांनी काठीने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे खूण केली.

“तुम्ही बसा म्हणतायत,” नलूताई म्हणाल्या.

“अहो, पण ते कुठे बसणार?”

“त्यांना वाळू चालत्ये. तुम्ही दमलात, असं परवापासून म्हणतायत.”

मी बसले. अप्पा बावांच्या आधाराने सतरंजीवर टेकले. नलूताईंनी हात पुढे केला, मी नवा अंक दिला, आणि वाचन सुरू झालं. मी मनात ठरवलं होतं की मुखपृष्ठापासून शेवटापर्यंत वाचून होईल, तासभर तरी लागेल, मग चहा होईल, मग मी उठेन आणि निवेदनाचा कागद काढेन.

नलूताईंनी दोन्ही अंगठे घातले आणि अंक बरोबर मध्यावर उघडला.

“हे काय?” माझ्या तोंडून निघालं.

“आधी मधलं पान,” थोरली शिक्षिका बहीण मला समजावू लागली. “मग एक डावीकडचं, एक उजवीकडचं, असं करत करत बाहेर. कुर्लेबुवांच्या अंकाला सरळ कशाला वाचायचं? दहा वर्षं आम्ही असंच वाचतो.”

म्हणजे दहा वर्षं माझे क्रमशः लेख, माझी विचार करून लावलेली अनुक्रमणिका, सगळं ह्या मंडळींनी मधून बाहेर वाचलं होतं! संपादक म्हणून चिडायला मला दोन क्षण लागले, आणि त्या दोन क्षणांत नलूताईंनी टाचणीजवळची घडी उलगडली. अंकातलंच काहीतरी आहे असं समजून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“‘स्नेहमंडळाच्या सर्व सभासदांस. यापुढे तिरपी चाल प्रसिद्ध होणार नाही. संपादिका थकली आहे...’”

त्या थांबल्या. मी उठून कागद घ्यायला हवा होता. पण खुर्ची खोल होती, वाळू मऊ होती, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी माझ्याऐवजी ते वाचतंय याचं मला बरंच वाटलं. मी म्हटलं, “वाचा, नलूताई. तेच सांगायला आले होते.”

त्यांनी पुढे वाचलं, आता हळू. “‘जाण्यापूर्वी एक कबुली द्यायची आहे. आपले पत्रलेखक श्री. ज. रा. भाटकर हे मी आणि माझ्या यजमानांनी कल्पिलेले गृहस्थ होते. त्यांचं पहिलं पत्र आम्ही लिहिलं. पुढची कुणी लिहिली ते मला माहीत नाही. ज्यांनी लिहिली त्यांची मी ऋणी आहे. त्यांची पत्रं थांबली आणि माझाही धीर सुटला.’”

मग दातांचे डॉक्टर खोकले, आणि सगळ्यांनी माना वळवून एकाच माणसाकडे पाहिलं. अप्पांच्या वाकड्या तोंडावर जे काही होतं ते हसू आहे हे कळायला मला वेळ लागला.

“कल्पिलेले ते आम्हाला पहिल्याच पत्रात कळलं हो,” नलूताई म्हणाल्या. “मांडवीला समुद्रातनं सूर्य काढलात तुम्ही! इथलं पोरसुद्धा असं लिहायचं नाही. आम्ही इतके हसलो त्या दिवशी. नि मग आमचे हे म्हणाले, बाईंना वाचक नाहीत गो, म्हणून त्या आपल्या आपणच लिहितायत. एवढं रत्नागिरीचं नाव घातलंय, तर आता रत्नागिरीने उत्तर नको द्यायला?”

“पण स्वतःच्या नावाने का नाही लिहिलंत?”

“अप्पांच्या नावाने लिहिलं असतं तर तुमचा भाटकर खोटा पडला असता,” बावा म्हणाले. “तुमची अब्रू गेली असती ना बाय.”

“मग झटका आला नि हात गेला,” नलूताई म्हणाल्या. “आम्ही म्हटलं, दुसरं कुणी लिहू या. तर ह्यांनी लिहू दिलं नाही. माझा भाटकर मी लिहीन म्हणाले. वर्षभर डाव्या हाताने गिरवतायत.”

मी अप्पांकडे बघितलं. दोन दिवस मी ह्या माणसाच्या खुर्चीत बसले होते, त्याच्या ताटासमोर जेवले होते, आणि गावभर त्याला शोधत फिरले होते. मला रडू आलं. सगळ्यांदेखत आलं, आणि निळ्या रबरी चपला घालून दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या बाईने जितकी लाज बाळगावी तितकीही मी बाळगली नाही.

अप्पा काहीतरी बोलले. जोरात, रागाने, काठी वाळूत आपटत. बावांनी खिशातून पेन्सिल काढली. कागद कुणाकडेच नव्हता. तेव्हा अप्पांनी नलूताईंच्या हातातलं माझं निवेदन डाव्या हाताने ओढून घेतलं, उलटं केलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“लिहून घ्या म्हणतायत,” नलूताई म्हणाल्या. “भाटकरांचं पत्र आहे.”

अप्पा एकेक शब्द सांगत, नलूताई तो स्पष्ट करून पुन्हा म्हणत, आणि मी लिहीत गेले. वाऱ्याने कागद फडफडत होता, धाकटी शिक्षिका बहीण त्याचा कोपरा धरून बसली.

‘संपादकबाई, स. न. वि. वि. आपण मला कल्पित म्हटल्याचे समजले. दहा वर्षे तुमच्या चुका मी काढतो आहे, त्या काय हवेतून? मी आजारी होतो. पत्र आले नाही म्हणजे माणूस मेला असे धरून चालू नये. आपण थकलात हे परवा पडवीत पाहिले. थकलेल्या माणसाने खुर्चीत बसावे, त्यासाठी माझी खुर्ची दिली आहे. खुर्ची मोडून टाकावी असे कुणी सांगितले? आपला, ज. रा. भाटकर.’

अकरा वर्षांपूर्वी ह्याच नावाखाली मी ह्याच अक्षरात एक पत्र लिहिलं होतं. तेव्हा शेजारी हे बसले होते.

नलूताईंनी हळूच विचारलं, “तो सूर्य तुमचा होता का हो? आम्हाला नेहमी वाटायचं, बाई शिक्षिका, असं कसं लिहितील.”

“ह्यांचा,” मी म्हटलं. “तेवढं वाक्य ह्यांचं होतं.”

अप्पा समुद्राकडे बघत राहिले. मग माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट करून पुन्हा बोलले, आणि या वेळी नलूताईंनी सांगायच्या आधीच मला प्रत्येक शब्द कळला.

‘ता. क. सूर्याबद्दलची माझी दुरुस्ती मागे घेत आहे. एखाद्या दिवशी तिथून उगवला असेल.’

सही त्यांनी स्वतः केली, डाव्या हाताने. ती ओळ सोडून वर तिरपी गेली. त्यानंतर मंडळींनी राहिलेला अंक वाचायला घेतला, एक पान डावीकडचं, एक उजवीकडचं. माझ्या एका लेखावरून हेडक्लार्क आणि बावा यांचं असं जुंपलं की चहा निवून गेला. मी खुर्चीत बसून ऐकत होते. थकवा गेला नव्हता, तो अजूनही आहे. पण त्या दिवशी तो घेऊन बसायला मला जागा मिळाली होती.

पुणे

परत आल्यावर चार दिवस मी नुसती झोपले. पाचव्या दिवशी अंकाचा मजकूर घेऊन शैलाकडे गेले. शैला आमचा अंक संगणकावर जुळवते, माझ्याच वयाची, चष्म्यावरून बघणारी, मजकुराबद्दल कधी काही न बोलणारी. तिने गठ्ठा चाळला आणि तो कागद बाहेर काढला. एका बाजूला शाईने स्वच्छ लिहिलेलं निवेदन, दुसऱ्या बाजूला वाऱ्यात वाकड्यातिकड्या उतरलेल्या पेन्सिलीच्या ओळी आणि घडीत कुठेतरी अडकलेली वाळू. तिने ती टेबलावर झटकली.

“बाई, यातली कुठली बाजू टाईप करू?” तिने विचारलं.

“पेन्सिलीची,” मी म्हटलं.